दोन घरचा पाहुणा उपाशी: आमचा मायनर विषय बंद करणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
माननीय कुलगुरू,
विद्या परिषदेचे सर्व सदस्य,
अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र अभ्यास मंडळांचे अध्यक्ष व सदस्य यांस,

स.न.वि.वि.

मी आपल्या विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका महाविद्यालयात द्वितीय वर्ष कला शाखेत शिकते. मुख्य विषय अर्थशास्त्र. मायनर, म्हणजे मुख्य विषयाच्या जोडीचा दुय्यम विषय, गेल्या महिन्यापर्यंत, ‘आंतरराष्ट्रीय राजकीय अर्थव्यवस्था’. चौथं सत्र सुरू होऊन नऊ दिवस झाले होते आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका कागदाचा तिरका फोटो येऊन पडला. विद्यार्थिसंख्या पुरेशी नसल्यामुळे सदर मायनर चालू सत्रापासून बंद, संबंधितांनी तीन दिवसांत पर्यायी विषय निवडावा, न निवडल्यास ‘सर्वस्वी जबाबदारी विद्यार्थ्याची राहील’. एवढंच. आधी कुणी विचारलं नाही, नंतर कुणी समजावलं नाही.

आम्ही अर्ज केला. महाविद्यालयानं विद्यापीठाकडे बोट दाखवलं, विद्यापीठातल्या खिडकीनं महाविद्यालयाकडे. म्हणून हे पत्र उघडं लिहिते आहे. ज्यांच्या घरातलं कुणी येत्या जूनमध्ये असाच एखादा विषय निवडणार आहे, त्यांनीही ते वाचावं.

आधी माझा या विषयाशी संबंध काय, ते सांगते.

आम्ही निफाड तालुक्यातले. ८ डिसेंबर २०२३, शुक्रवार. मी बारावीत होते. वडील पहाटे चारला लाल कांद्याची ट्रॉली घेऊन बाजार समितीच्या रांगेत लागले होते. शहरातल्या वाचकांसाठी सांगते: उन्हाळ कांदा साठवणीच्या कांदाचाळीत घालून चार-पाच महिने दम धरता येतो, लाल कांद्याला ती सोय नाही. काढला की विकायचा, नाहीतर त्याला पाणी सुटायला लागतं. नऊ वाजता कळलं की लिलाव होणार नाहीत. केंद्रानं आदल्या दिवशी निर्यातबंदीची अधिसूचना काढली होती, ३१ मार्चपर्यंतची. दुपारी वडील भरल्या ट्रॉलीनिशी परत आले. काही दिवसांनी तोच कांदा विकला तेव्हा भाव आदल्या आठवड्याच्या जवळजवळ निम्मा होता. हमाली, तोलाई, वाराई वजा जाता हातात आलेल्या रकमेची ती हिशेबपट्टी आईनं देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला अडकवली. लाइटबिलं असतात त्या खिळ्याला. ती तिथंच राहिली.

पहिल्या वर्षी अर्थशास्त्राच्या तासाला मागणी-पुरवठ्याचे वक्र शिकलो. निर्यात थांबली की देशातला पुरवठा वाढणार, किंमत पडणार. आकृतीत हे दोन रेषांत बसतं. राज्यशास्त्राच्या तासाला शेजारी देशांशी संबंध शिकलो. बांगलादेश आला, पाणीवाटप आलं, सीमा आली. कांदा काही आला नाही.

दुसऱ्या वर्षी या मायनरच्या दुसऱ्याच आठवड्यात मॅडम म्हणाल्या, घरातला असा एक कागद आणा ज्याच्यावर रुपयांचा आकडा आहे आणि तो आकडा नेमका कुणी ठरवला ते तुम्हांला सांगता येत नाही. मी ती पट्टी नेली. मॅडमनी ती फळ्यावर चिकटवली आणि शेजारी खडूनं तारखा लिहीत गेल्या. १९ ऑगस्ट २०२३: कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क. ऑक्टोबरअखेर: टनाला किमान ८०० डॉलर निर्यातमूल्य, म्हणजे त्याहून स्वस्त बाहेर पाठवायचा नाही. ७ डिसेंबर: बंदी. २२ मार्च २०२४: बंदी पुढील आदेशापर्यंत कायम. एप्रिलअखेर, बंदी चालू असतानाच, बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, भूतान, बहारीन, मॉरिशस आणि श्रीलंका या सहा देशांसाठी ९९,१५० टनांना परवानगी. ४ मे: बंदी उठली, पण किमान मूल्य ५५० डॉलर आणि शुल्क ४० टक्के. १३ सप्टेंबर: किमान मूल्य रद्द, शुल्क २० टक्के. १ एप्रिल २०२५: शुल्क शून्य.

मग खडू ठेवून त्यांनी विचारलं, यातली कुठली ओळ अर्थशास्त्राची आणि कुठली राज्यशास्त्राची, वेगळी करून दाखवा.

आम्हांला जमलं नाही. त्या सहा देशांच्या ओळीवर तर आख्खा आठवडा गेला. तो कांदा सरकारनं ठरवून दिलेल्या संस्थेमार्फत जाणार होता, नेहमीचा निर्यातदार त्यात नव्हता. मैत्री दोन सरकारांची, कांदा आमचा, मग दर कुणी ठरवायचा? वक्राच्या आकृतीत याचं उत्तर नव्हतं आणि परराष्ट्र धोरणाच्या धड्यात हा प्रश्नच नव्हता.

त्याच्या पुढचं मला जास्त झोंबलं. वर्गातल्या चर्चेत मुद्दाम माझ्या वाट्याला शहरातल्या ग्राहकाची बाजू आली. भाड्याच्या खोलीत राहणारी, महिना बारा हजारांत चौघांचं भागवणारी बाई, आणि कांदा साठ रुपये किलो. तिच्या बाजूनं बोलायला माझी जीभ रेटेना. पण दोन रात्री आकडे जुळवत बसल्यावर ती बाई मला खरी वाटायला लागली. माझ्या मैत्रिणीला ढाक्याचा घाऊक व्यापारी मिळाला. २०१९ च्या सप्टेंबरअखेर भारतानं अशीच बंदी घातली आणि लगेच बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या. स्वयंपाक्याला सांगितलंय, कांदा घालू नकोस, असं त्या भर सभेत हसत हसत म्हणाल्या, पण निदान आधी कळवत जा हेही त्यांनी त्याच दमात सुनावलं. मैत्रिणीनं हे शोधून आणलं आणि आम्हांला विचारलं, वरचेवर शटर ओढणाऱ्या दुकानदाराकडे गिऱ्हाईक किती दिवस येईल? घरी जेवताना मी हे सगळं सांगितलं. वडील ऐकून घेत होते. मग म्हणाले, “म्हणजे आता तू कोणाच्या बाजूनं?” मला उत्तर देता आलं नाही, अजूनही येत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये तर पुस्तक बाजूलाच राहिलं. १९ तारखेपासून केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क काढलं आणि २७ तारखेपासून अमेरिकेनं भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. आमच्यात एक खानदेशातला मुलगा आहे, घरी कापूस. त्याचा मामा सुरतेला कापड कारखान्यात. एकाच घरात एकाला पहिल्या बातमीचा धसका, दुसऱ्याला दुसरीचा. तो आठवडाभर वर्गात आणि फोनवर एकच वाद घालत होता.

आता तक्रारी.

पहिली, वेळेची. मायनर निवडला, तिसरं सत्र पार पाडलं, परीक्षा दिली, चार क्रेडिट (पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक) मिळाली. आता म्हणतात ती चार क्रेडिट खुल्या ऐच्छिकात वळती करू. आणि नव्या मायनरचा तिसऱ्या सत्राचा राहिलेला पेपर? तो चौथ्या सत्राबरोबर द्यायचा. चूक कुणाची आणि जादा पेपर कुणाला! विषय बंदच करायचा होता तर तो प्रवेशाच्या आधी करायचा. रोप लावून, दोन पाणी देऊन झाल्यावर वावर सोडायला सांगू नये.

दुसरी, संख्येची. किमान वीस हवेत, आम्ही सतरा आहोत. वीसचा हा आकडा माहितीपत्रकात नव्हता, सूचनाफलकावर नव्हता, मायनर निवडायच्या अर्जावरही नव्हता. बरं, सतराच का उरलो तेही ऐका. सुरुवातीला आम्ही सव्वीस होतो. तास ठेवला सकाळी ७.१० चा. आमच्या बाजूची पहिली एसटी स्टँडवर लागते ७.३५ ला, तिथून पुढं दहा मिनिटं पायी. नऊ जण गळाले, त्यातले सात एसटीनं येणारे. वेळ बदला म्हणून आम्ही जुलैत अर्ज दिला होता. खोली रिकामी नाही, असं तोंडी सांगण्यात आलं. मी पोहोचते कारण आमच्या गावातून दुधाचा टेम्पो सहाला निघतो आणि चालकाच्या शेजारी एक जागा असते. अभ्यासक्रमाची लोकप्रियता मोजताना दुधाचे टेम्पो किती आहेत, हेही मोजायला हवं होतं.

तिसरी तक्रार मुळाची आहे आणि ती दोन्ही अभ्यास मंडळांना एकदमच सांगते. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी या विषयाची गत झाली. अर्थशास्त्रवाले म्हणतात यात राजकारण फार, राज्यशास्त्रवाले म्हणतात यात आकडे फार. एका मंडळानं नाव सुचवलं, दुसऱ्यानं वाचनाची यादी जोडली, आणि मग दोघांनीही पानावरून हात धुतले. याचा पुरावा आमच्या तिसऱ्या सत्राच्या प्रश्नपत्रिकेत आहे. नियोजन आयोगाच्या कार्यांवर दहा गुणांचा प्रश्न होता. तो अभ्यासक्रमात नव्हता. आयोगाची जागा १ जानेवारी २०१५ ला नीती आयोगानं घेतली, हे तर सोडूनच द्या. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना मी दोष देत नाही. हा विषय कुणाचा हेच ठरलेलं नसेल तर पेपर कुणाच्या तरी गळ्यात पडतो आणि ती व्यक्ती जुनी फाइल उघडते.

शिकवणाऱ्या मॅडम तासिका तत्त्वावर आहेत. या विषयाचे तास कुठल्याच विभागाच्या वर्कलोडमध्ये धरले जात नाहीत असं दिसतं. कमी संख्येचं कारण नोटिशीत लिहिलं गेलं, पण खरं दुखणं इथं असावं असा माझा अंदाज आहे. हे मला मॅडमनी सांगितलेलं नाही. बंदची नोटीस आल्यापासून त्यांनी आमच्याशी या विषयावर एक अक्षर काढलेलं नाही, आणि मी हे पत्र लिहिते आहे याचीही त्यांना कल्पना नाही. त्याचा त्रास त्यांना होऊ नये एवढी विनंती आहे.

चौथी, पर्यायांची. ग्रामीण विकास किंवा जाहिरातशास्त्र यातलं एक घ्या म्हणाले. दोन्ही चांगलेच विषय असतील. पण किराणा संपला म्हणून चपलांच्या दुकानात पाठवल्यासारखं झालं. एकांनी ‘स्वयम्‌वर बघा’ असाही सल्ला दिला, म्हणजे केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर. एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंतचे अभ्यासक्रम स्वयम्‌वरून घेता येतात, हे मला माहीत आहे. जोड म्हणून ते घेऊही. पण माझी हिशेबपट्टी स्वयम्‌वर चिकटवायची कुठं?

पाचवी, भाषेची. वाचनाच्या यादीतली झाडून सगळी पुस्तकं इंग्रजी. आम्ही मग एक शब्दांची वही केली, सगळ्यांच्यात मिळून एक. ‘हेजिमनी’ला धुरीणत्व, ‘टॅरिफ’ला सरळ जकात. ‘रेंट-सीकिंग’पाशी तीन दिवस अडलो. शेवटी मी वडिलांना विचारलं, स्वतः काही न पिकवता, नुसत्या परवानगीच्या जोरावर मधल्यामध्ये पैसा काढणाऱ्याला काय म्हणतात? त्यांनी ताबडतोब शब्द सांगितला, पण तो वहीत लिहिण्यासारखा नव्हता.

आमच्यातले चौघं निवेदन घेऊन भेटायला गेलो, तेव्हा एका ज्येष्ठ सदस्यांनी हे परदेशी विद्यापीठांचं फॅड असल्याचं सांगितलं. आपल्या मातीतलं काहीतरी शिका, असंही म्हणाले. या एका वाक्यावर मात्र मी गप्प बसणार नाही.

‘आयपीई’ (इंटरनॅशनल पोलिटिकल इकॉनॉमी) या नावानं हा विषय पाश्चात्त्य विद्यापीठांत १९७० च्या दशकात उभा राहिला, हे खरं. प्रश्न मात्र आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीचा आहे. १८४१ साली भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये ‘अ हिंदू’ या टोपणनावानं पत्रं लिहिली. इंग्रजांचं राज्य आणि इथल्या पैशाचा बाहेर जाणारा ओघ यांचा संबंध त्यांनी त्यात उघड मांडला. दादाभाई नौरोजींच्या संपत्तीच्या नि:सारणाच्या सिद्धान्ताच्या कितीतरी आधी. तीही जाहीर पत्रंच होती, आणि खाली खरं नाव नव्हतं. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ मध्ये पुण्यात डेक्कन कॉलेजात व्याख्यान दिलं, त्याचा विषयच ‘भारतीय राजकीय अर्थशास्त्र’. इंग्लंडच्या पुस्तकातले नियम इथं जसेच्या तसे लागू होत नाहीत, हे ते इंग्रजी अंमलात उभं राहून सांगत होते. डॉ. आंबेडकरांनी लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला, तो १९२३ साली प्रसिद्ध झाला. रुपयाचा विनिमय दर कुणाच्या सोयीनं ठरतो, हा त्यातला प्रश्न आमच्या अभ्यासक्रमात दुसऱ्या घटकात आहे.

आणि चिंतामणराव देशमुख. रायगड जिल्ह्यातल्या महाडजवळचं नाते हे त्यांचं जन्मगाव. जुलै १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सला ४४ देश जमले, आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांची आखणी झाली, तेव्हा भारताच्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर म्हणून देशमुख होते. भारत तेव्हा स्वतंत्रही नव्हता. युद्धात ब्रिटननं भारताकडून माल उचलला, त्याचे पैसे पौंडांत थकवले, आणि त्या स्टर्लिंग शिलकीचा प्रश्न आपल्या मंडळींनी तिथं मांडला. ब्रिटननं तो निधीच्या कक्षेत येऊ दिला नाही. उधारीवर माल नेलेल्या गिऱ्हाइकाला चारचौघांत हिशेब विचारण्याचा तो प्रसंग आम्ही वर्गात वाचला, तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा सरसावून बसली होती. आपल्या मातीतलं म्हणजे आणखी काय असतं, महोदय?

आमच्या अभ्यासक्रमात सगळं गोड होतं असं मी म्हणणार नाही. पहिला घटक, वाणिज्यवाद, उदारमतवाद आणि मार्क्सवाद यांचा, नुसता पाठांतराचा होता. मी तो परीक्षेपुरता घोकला आणि विसरले. निम्म्या वर्गानं पहिला गृहपाठ एकमेकांचा उतरवला, त्यात मीही आले. दुरुस्ती हवीच आहे. पण नळ गळतो म्हणून कुणी विहीर बुजवत नाही.

काही हितचिंतकांनी सुचवलं, पत्रात स्पर्धा परीक्षांचा मुद्दा घाल, त्यानं वजन पडतं. उपयोग होतही असेल. पण मला त्या आधारावर हा विषय मागायचा नाही. मी स्पर्धा परीक्षा देणार आहे की बापाच्या वावरात उभी राहणार आहे, ते अजून ठरलेलं नाही, आणि दोन्हीकडे मला हा विषय लागणार आहे.

चौथ्या सत्रात जागतिक व्यापार संघटना शिकायची होती. नगर जिल्ह्यातल्या आमच्या एका मित्रानं प्रकल्पाला साखरेचा खटला घेतला होता. ऑस्ट्रेलिया, ब्राझील आणि ग्वाटेमाला यांनी भारताच्या ऊसदर आणि निर्यात अनुदानाविरुद्ध तक्रार केली. डिसेंबर २०२१ मध्ये निकाल भारताच्या विरोधात गेला. भारतानं अपील केलं. पण ज्या अपील मंडळापुढं ते केलं, त्याचं काम डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे, कारण अमेरिका तिथल्या नेमणुका होऊ देत नाही. निकाल लागला, अपील झालं, ऐकायला कुणी नाही. ऊस लावणाऱ्या घरातल्या मुलानं, आपल्या एफआरपीवर, म्हणजे उसाच्या सरकारनं ठरवलेल्या किमान दरावर, जिनिव्हात कोण बोलतं, हे शोधायला घेतलं होतं. त्याची फाइल आता अर्धीच राहिली आहे.

मागण्या साध्या आहेत. जे सतरा जण या मायनरला आहेत त्यांना तो पदवीपर्यंत पूर्ण करू द्यावा, नवे प्रवेश थांबवायचे असतील तर त्याचा निर्णय वेगळा आणि वेळेत घ्यावा. मिळालेली चार क्रेडिट मायनरचीच राहावीत. दोन्ही अभ्यास मंडळांची संयुक्त समिती नेमून या विषयाची जबाबदारी एका मंडळाकडे लेखी द्यावी, म्हणजे प्रश्नपत्रिका आणि वर्कलोड दोन्हींना पत्ता मिळेल. संख्या कमी असेल तर जवळच्या दोन-तीन महाविद्यालयांचा मिळून एक वर्ग करावा. मायनर दुसऱ्या विद्याशाखेतलाही घेता येतो, तेव्हा वाणिज्यच्या मुलांनाही तो खुला असल्याचं त्यांना कुणीतरी सांगावं. किमान संख्येचा नियम आहे तो माहितीपत्रकात छापावा. तास एसटी आल्यानंतर ठेवावा. आणि मराठीतून निदान एक वाचनसंग्रह तयार करावा. आमची शब्दांची वही आम्ही त्यासाठी फुकट देऊ, एक शब्द वगळून.

पत्राखाली नाव घालत नाही. सतराही जणांची नावं, सह्या आणि परीक्षा क्रमांक मूळ निवेदनावर आहेत. ते द्यायला मी गेल्या सोमवारी विद्यापीठात गेले, वडील सोबत होते. खिडकीवरच्या बाईंनी शिक्का मारला, आवक क्रमांक टाकला आणि प्रत परत दिली. वडिलांनी ती उलटसुलट करून पाहिली.

“आवक तर झाली,” बाहेर आल्यावर ते म्हणाले. “लिलाव कधी?”

परीक्षेचा अर्ज भरायची मुदत २८ तारखेला संपते.

आपली,
द्वितीय वर्ष कला, मुख्य विषय अर्थशास्त्र
निफाड तालुक्यातली एक विद्यार्थिनी